शनिवारी मनपाच्या शाळेत शिकवायला जायचंय, अनुभव असलेल्यांनी सांगा

कोपऱ्यातला बाक | १२ जुलै

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. कॉलेजच्या मागच्या गल्लीत मनपाची मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी, दोन सत्रांत भरते. आम्ही एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना, रासेयो) अकरा जण. या वर्षी झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा (मागच्या वर्षीची झाडं कुठे आहेत ते कृपया विचारू नका) या शाळेत जाऊन काहीतरी करू असं ठरलंय. दर शनिवारी सकाळी दीड तास, असे आठ शनिवार. पाचवी ते सातवीला स्पोकन इंग्लिश, करिअर मार्गदर्शन, पर्यावरण, थोडे विज्ञानाचे प्रयोग आणि शेवटच्या शनिवारी बक्षीस समारंभ. पीपीटी जवळजवळ तयार आहेत.

मुख्याध्यापिका बाईंना भेटून आलो. त्यांनी चहा पाजला आणि "बघू" म्हणाल्या. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि प्लॅनमध्ये काय कमी आहे?

टिळक रोडवासी | १२ जुलै

पाचवीतल्या पोराला करिअर मार्गदर्शन! तुझं स्वतःचं ठरलंय का रे आधी? :)

पीपीटी दाखवणार कशावर, तेही बघून ठेव. शाळेत प्रोजेक्टर असतो, पण तो कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली रजेवर असते.

पाटीपेन्सिल | १२ जुलै

बाळा, ३१ वर्षं मनपाच्या शाळांत काढली, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हा "बघू"चा अर्थ मीच सांगते. बाहेरच्या माणसांना वर्गात घेण्याची परवानगी मुख्याध्यापिका आपल्या सहीने देत नाही. शिक्षण विभागाचं पत्र लागतं. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने अर्ज करा, मुलांची नावं, दिवस, वेळ आणि इयत्ता लिहा, आणि तो अर्ज हातात घेऊन स्वतः जा. नुसता इनवर्ड करून आलात तर तो दिवाळीपर्यंत तिथेच झोपेल.

आता दुसरं. रागावू नकोस. माझ्या वर्गात दर जुलैत पाहुणे यायचे. कधी कॉलेजची मुलं, कधी कंपनीतली, एकदा तर नाकाला पट्टी लावलेले जोकर आले होते. सगळे चांगले. हसरे चेहरे, हातात चार्ट, खिशात चॉकलेटं. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या परीक्षा जवळ आल्या की एकेक गळायला लागायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायची तेव्हा कोणीच नसायचं. एका वर्षी एक मुलगा चौथीच्या वर्गात भूमिती शिकवायला यायचा, फार गोड शिकवायचा. सुट्टीनंतर तिसऱ्या शनिवारी आमच्या एकाने मला विचारलं, "बाई, दादांची बदली झाली का?" शिक्षक दिसेनासे होतात ते बदलीमुळे, एवढंच त्या पोराला माहीत. मी हो म्हटलं. काय सांगणार?

तेव्हा आठ शनिवार हा आकडा आधी खोडा. तुमचे विषयही तुम्हीच ठरवलेत. वर्गशिक्षिकेला कोणी विचारलं का, की बाई, तुमच्या वर्गात काय अडलंय? ती सांगेल. तिला मतदार याद्या असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, खिचडीचा हिशोब असतो, आणि त्यातून उरलेल्या वेळात ती शिकवते. तिच्या वर्गात जाऊन "हल्ली शिक्षक शिकवतच नाहीत" असा चेहरा करू नका. मुलांना तो चेहरा लगेच कळतो, आणि बाईंनाही.

कोपऱ्यातला बाक | १३ जुलै

काकू, वाचून गटात सगळे गप्पच झाले. मग एक जण म्हणाला, "म्हणजे जायचंच नाही का?" आणखी एकीचं म्हणणं, काहीच न करण्यापेक्षा आठ शनिवार बरे. मला खरंच कळत नाहीये. काल वर्गशिक्षिका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "इंग्लिश राहू दे, माझ्या पाचवीतली बारा-चौदा मुलं अजून जोडाक्षरं वाचत नाहीत आणि शंभरपर्यंतचे आकडे चुकतात, त्यांना घेऊन बसा." पण हे आम्हाला शिकवता येईल का? बी.एड. कोणाचंच नाही.

सोलापुरी चादर | १३ जुलै

येईल. मलाही येत नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना पुण्यातल्याच एका मनपा शाळेत तीन वर्षं गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी शिकवायचं नाही, बघायचं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' अहवालातली चाचणी वापरा. अहवाल २००५ पासून निघतो आणि ग्रामीण भागापुरता असतो, पण चाचणी शहरात वापरायला कोणाची आडकाठी नाही. एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला बाजूला घेऊन एकट्याला वाचायला सांगायचं. वर्गासमोर नाही! गणिताचंही तसंच: आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला फार तर दहा मिनिटं लागतात. मग इयत्ता विसरायची आणि जो जिथे अडलाय त्याला तिथल्या गटात बसवायचं. 'प्रथम' १९९५च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली, आणि वयाप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे गट करायची त्यांची ही पद्धत पुढे कुठल्याकुठे पोचली. कारण साधं आहे. "वाच पटकन!" म्हणून पाचवीच्या पुस्तकातला धडा समोर धरला की अक्षरावर अडलेलं पोर नुसते ओठ हलवतं.

आता आकड्यांचं, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या गटात एक मुलगी होती. आई-वडील कलबुर्गीकडचे, बांधकामावर बिगारी. मी म्हणायचे, "लिही, सत्तेचाळीस." ती लिहायची ७४. त्रेसष्ट म्हटलं की ३६. पाटीवर दहा वेळा गिरवून घेतलं, दुसऱ्या शनिवारी परत ७४. मला वाटलं हिचं लक्ष नाही. वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं, आज ते वाचायला लाज वाटते.

एकदा मधल्या सुट्टीत ती धाकट्या बहिणीबरोबर चिंचोके मोजत बसली होती, कन्नडमध्ये, एकही न चुकता. आमची आजी कन्नड बोलते, त्यामुळे मला तोडकंमोडकं येतं. जवळ बसले आणि म्हटलं, "नलवत्तेळु." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भिंतीतून बाहेर आलेय. आणि खडूने फरशीवर लिहिलं, ४७.

मग माझी ट्यूब पेटली. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि चाळीस नंतर. कानाला सात आधी येतो म्हणून हात सात आधी लिहितो. कन्नडमध्ये नलवत्तु म्हणजे चाळीस आधी, एळु म्हणजे सात नंतर. ऐकलं तसं लिहिलं की बरोबर. ती पोरगी पहिल्यापासून बरोबरच होती, फक्त मराठीत चुकत होती.

घरी मराठी बोलणारी मुलंही इथेच अडकतात बरं का. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? गणितज्ञ मंगला नारळीकर त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. व्हॉट्सॅपवर विनोद फिरले, विधानसभेत टोमणे झाले. मीही एकदोन विनोद फॉरवर्ड केले होते. फरशीवरचा तो ४७ बघितल्यावर कळलं की त्या बाई कशासाठी धडपडत होत्या.

उपाय काय केला? काडेपेटीतल्या काड्या, गुल काढून टाकलेल्या. दहाचा गठ्ठा, त्याला रबर. "सत्तेचाळीस आण" म्हटलं की आधी गठ्ठे आणायचे, मग सुट्या काड्या, मग लिहायचं. दीड महिना फक्त हेच. कंटाळा आला मला, त्यांना नाही आला.

टिळक रोडवासी | १३ जुलै

सोलापुरी, प्रतिसाद कडक. माझे शब्द मागे घेतो. प्रोजेक्टरचे नाही, फक्त टोनचे.

जुने कागद | १४ जुलै

थोडं अवांतर, पण या धाग्यातच शोभेल. कॉलेजच्या मुलांनी शाळेत जाऊन फुकट शिकवणं ही एनएसएसची कल्पना नव्हे. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, मराठीही आणि पारशी मुलींसाठीही. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. सुरुवातीला ही मंडळी आपली कामं सांभाळून पदरमोड करून शिकवत. मराठी मुलींच्या शाळेला नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याची शाळा निघाली. सावित्रीबाई तेव्हा १७ वर्षांच्या, म्हणजे या धागाकर्त्याहूनही लहान.

मला यात गंमत वाटते ती पुढच्या भागाची. मुंबईच्या त्या शाळा तगल्या, कारण पोरांच्या उत्साहामागे पैसेवाले उभे राहिले आणि पगारी शिक्षक आले. एल्फिन्स्टनची मुलंही जन्मभर सकाळी उठून शिकवायला जाणार नव्हतीच. त्यांनी ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात सोपवलं, हे त्यांचं शहाणपण.

रासेयोवाले सर | १४ जुलै

मी एका कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी आहे. कोणतं कॉलेज ते विचारू नये. :)

आधी हिशोब. योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. धागाकर्त्या, तुमचे आठ शनिवार म्हणजे बारा तास. उरलेले १०८ तास तुम्ही रांगोळी, रॅली आणि व्हीआयपींच्या पार्किंगमध्ये घालवणार. मी हे दर वर्षी बघतो आणि दर वर्षी त्यावर सही करतो. हे सगळे तास एकाच शाळेत घालवायला नियमाची कुठेही अडचण नाही. फक्त अधिकाऱ्याने हो म्हणायला हवं. तुमचे सर कुरकुरले तर त्यांना सांगा, एकाच जागी काम झालं की अहवाल लिहायला सोपा जातो. एवढं पुरतं, अनुभवाने सांगतो.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. शाळा जूनच्या मध्याला सुरू, तुमचे प्रवेश चालतात ऑगस्टपर्यंत. तुमची सत्र परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर, शाळेची दिवाळी त्याच सुमारास. मग तुमचं शिबिर डिसेंबर-जानेवारी, आणि मार्चपासून परत परीक्षा. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवली की सलग दिसतात ते दोनच पट्टे. म्हणून जोड्या करा, एक एस.वाय. आणि एक एफ.वाय. एस.वाय.ची परीक्षा असेल त्या शनिवारी एफ.वाय. जाईल, आणि पुढच्या वर्षी तोच मुख्य. मुलांच्या पातळीची वही व्यक्तीकडे नाही, शाळेच्या कपाटात राहील.

आणि सुरक्षेचं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या बदलापूरच्या प्रकरणानंतर (शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाले होते) शाळा बाहेरच्या माणसाबाबत ताठर झाल्या आहेत, आणि झाल्याच पाहिजेत. चारित्र्य पडताळणीला नाक मुरडू नका. एकट्याने एका मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही. व्हरांडा, दार उघडं, बाई दिसतील अशी जागा. मुलांचे फोटो इन्स्टावर नाहीत, मुलांचे नंबर तुमच्याकडे नाहीत, तुमचा त्यांच्याकडे नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे, गटातल्या प्रत्येकाने त्याची ओळख करून घ्या.

मिशिगनकर | १५ जुलै

इथल्या विद्यापीठात शिकताना मी गावातल्या शाळेत दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवत असे, पण पैसे घेऊन. फेडरल वर्क-स्टडी नावाची योजना आहे, विद्यार्थ्याला अर्धवेळ कामाचा पगार मिळतो. त्या निधीतला किमान ७ टक्के भाग कॉलेजांना समाजोपयोगी कामांवर खर्चावा लागतो आणि त्यात वाचन शिकवण्याचा उपक्रम असावा लागतो. पगार मिळायचा म्हणून परीक्षेच्या आठवड्यातही जावंच लागायचं. सेवाभाव वगैरे नंतर आला, आधी तो तासाचा दर होता. उगाच वाटतं, आपल्याकडेही बसभाडं आणि नाश्त्यापुरतं जरी दिलं तरी गळती कमी होईल.

टिळक रोडवासी | १५ जुलै

सेवेचे पैसे! आमच्या पेठेत हे मोठ्याने बोलू नका.

सात नंबर | १५ जुलै

मी मनपा शाळेत शिकलो. आता सीएनसीवर शिफ्ट सुपरवायझर आहे. दुसऱ्या बाजूने लिहितो.

तुम्ही येता ते आम्हाला आवडायचं. खोटं कशाला बोलू? शनिवारी मी आंघोळ करून जायचो ते त्यासाठीच. पण दोन गोष्टी अजून टोचतात. एकदा कंपास वाटल्या. रांगेत उभं केलं, प्रत्येकाने कंपास छातीशी धरून फोटो द्यायचा. माझा डोळा मिटला म्हणून परत उभं केलं. पेपरात फोटो आला तेव्हा गल्लीतल्या दुकानदाराने आईला विचारलं, "काय, फुकट मिळालं का?" आईने ती कंपास परत करायला लावली नाही, पण बोललीही नाही दिवसभर.

दुसरं म्हणजे ओळख करून घेताना सगळ्या वर्गासमोर "तुझे बाबा काय करतात?" विचारू नका. काहींचे काही करत नाहीत, काहींचे नाहीतच. "काय खेळतोस?" हे विचारा, मग थांबवावं लागेल आम्हाला.

एक ताई होती. ती काही विशेष शिकवत नव्हती. पिशवीत दहा-बारा पुस्तकं आणायची, वाटायची आणि कट्ट्यावर बसून स्वतःचं पुस्तक वाचत बसायची. अडलं तर सांगायची. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही वर्षं आली. लग्नाची पत्रिका शाळेत देऊन गेली. बाकीच्यांचे चेहरे आठवत नाहीत, त्या पिशवीचा रंग आठवतो. जांभळी होती, बंद तुटलेला.

पाटीपेन्सिल | १५ जुलै

सात नंबर, ते कंपासचं वाचून पोटात कालवलं. अशा फोटोंना मीही मुलांना रांगेत उभं केलंय. "नीट उभे राहा" मीच ओरडायचे.

कोपऱ्यातला बाक | १६ जुलै

सगळ्यांचे आभार. पीपीटी रद्द. अर्ज घेऊन स्वतः जातोय. प्रगती इथेच कळवेन.

टिळक रोडवासी | ४ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. बाकसाहेब, आहात की तुमचीही बदली झाली?

कोपऱ्यातला बाक | ७ डिसेंबर

आहे, आहे. परीक्षा होती. उशीर झाला, माफी.

पत्र मिळायला पाच आठवडे लागले, चार चकरा. ऑगस्टच्या शेवटी सुरुवात केली. अकराचे सहा झालो. दोघांचे क्लासेस, एकीच्या घरून नको म्हणाले, बाकीच्यांचं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. एफ.वाय.च्या चौघी आल्या, म्हणजे आता दहा. बाईंनी पाचवीतली चौदा मुलं दिली. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसतो, शेजारी पाण्याची टाकी आहे, त्यामुळे मधूनच कोणीतरी ओलं होऊन येतं.

चाचणी घेतली तेव्हा चौदापैकी पाच जण अक्षरांवर होते, सात शब्दांवर, दोघं उतारा वाचत होते. आता अक्षरांवर एकच आहे, आणि तो महिन्यातून दोनदाच शाळेत येतो. त्याच्यासाठी काय करायचं ते कळत नाही. बाई म्हणाल्या, घरी जाऊ नका, मी बघते.

सगळं छान चाललंय असं मुळीच नाही. ऑक्टोबरात दोन शनिवार कोणीच गेलं नाही. जोडीतल्या दोघांनाही वाटलं दुसरा जाणार आहे. काही मुलं सतरंजी टाकून बसून राहिली होती, हे सोमवारी शिपाई मावशींकडून कळलं. पुढच्या शनिवारी आमच्याशी कोणी धड बोलेना. एकीने तर काड्यांचे गठ्ठे सोडून सगळ्या एकत्र करून ठेवल्या होत्या. तीस-चाळीस मिनिटं गुपचूप त्याच बांधत बसलो. आता शुक्रवारी रात्री नावानिशी मेसेज जातो, आणि ज्याचं नाव त्याने "जातोय" लिहिलं नाही तर मी जातो.

सोलापुरी ताई, काड्यांनी खरंच काम केलं. सत्तेचाळीस, त्रेसष्ट वगैरे बहुतेकांना जमतं. पण एकोणाच्या आकड्यांवर गाडी रुतलीये. एकोणचाळीस म्हटलं की ४९, एकोणसाठ म्हटलं की ६९. चाळीस ऐकू येतं, चार लिहितात, नऊ आठवतो, नऊ लिहितात. गठ्ठ्यांनीही होत नाही, चार गठ्ठे आणि नऊ काड्या आणून ठेवतात. काही युक्ती?

सोलापुरी चादर | ७ डिसेंबर

एकोणापाशी मीही हरले होते. कन्नडमध्ये ही भानगडच नाही. पाटीपेन्सिल काकूंना विचार.

पाटीपेन्सिल | ८ डिसेंबर

तू गठ्ठे आणायला सांगतोस तिथेच घोळ होतोय. एकोण म्हणजे एक उणा. त्याला आधी पूर्ण साठ दे, सहा गठ्ठे. त्याने मोजून "साठ" म्हणू दे. मग त्याच्यासमोर एका गठ्ठ्यातून एक काडी काढ आणि पाठीमागे लपव. तो गठ्ठा रबरात राहत नाही, ढिला पडतो, नऊ काड्या सुट्या होतात. त्याला विचार, आता बांधलेले गठ्ठे किती? पाच. सुट्या किती? नऊ. मग हळूच म्हण, एक उणा साठ, एकोणसाठ. लिहायला लगेच सांगू नकोस. आधी त्याला तुझ्यावर तेच करू दे, त्याने काडी लपवायची आणि तू ओळखायचं. चोरायला मिळतंय म्हटल्यावर वर्गातला सगळ्यात मठ्ठ म्हणवणारा पोरगाही पुढे येतो.

कोपऱ्यातला बाक | ८ डिसेंबर

भारी! या शनिवारी करतो. प्रत्येक जोडीला किती काड्या आणू?

पाटीपेन्सिल | ८ डिसेंबर

साठ. आणि चार-पाच वरच्या ठेव, लपवलेल्या सगळ्या परत येत नाहीत.